घरातले जुने चांदीचे नाणे रोमन आहे का? ओळख आणि पारख

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत देव्हाऱ्यात, आजीच्या ट्रंकेत किंवा तिजोरीच्या आतल्या कप्प्यात एखादे जुने चांदीचे नाणे असतेच. बहुतेक वेळा तो राणीछाप रुपया निघतो. क्वचित मात्र असे नाणे पुढे येते की त्यावर ना राणी, ना फार्सी अक्षरे, ना देवनागरी. डोक्यावर पानांची माळ घातलेल्या पुरुषाचा एका बाजूने दिसणारा चेहरा आणि भोवती इंग्रजीसारखी अक्षरे. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, गोव्याकडचे पोर्तुगीज नाणे असेल. कोणी म्हणतो, हे सोन्यापेक्षा महाग आहे. धाकटी पिढी मोबाइलवर शोधून काही लाखांचा आकडा सांगून मोकळी होते.

अशा नाण्यांबद्दल सभासदांकडून वरचेवर विचारणा होते, म्हणून ही माहिती एके ठिकाणी देत आहोत. आम्ही पुरातत्त्वज्ञ नव्हे. बँकेच्या नोकरीत नोटा आणि नाणी हाताळण्यात उमेद गेली आणि निवृत्तीनंतर जुन्या नाण्यांचा नाद लागला, इतकेच. पण बँकेत एक सवय हाडीमाशी खिळते. समोर आलेला कागद खरा की खोटा हे आधी ठरवायचे, किमतीचे नंतर बघायचे. जुन्या नाण्यांनाही हाच क्रम लागू पडतो.

आपल्या भागात रोमन नाणे येईल कसे?

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात दख्खनवर सातवाहनांची सत्ता होती आणि पश्चिम किनाऱ्यावरून रोमन साम्राज्याशी मोठा व्यापार चालत होता. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच, कल्याण, पैठण आणि तेर यांचा उल्लेख आहे. रोमची सोन्या-चांदीची नाणी भडोचला आणली तर स्थानिक चलनाच्या बदल्यात नफा होतो, असेही त्यात नमूद आहे. म्हणजे परकीय चलनाचा व्यवहार आपल्याकडे दोन हजार वर्षांचा जुना आहे. रोमन लेखक प्लिनी याने तर भारत दरवर्षी साम्राज्यातून किमान पाच कोटी सेस्टर्स काढून घेतो, अशी तक्रारच करून ठेवली आहे. चार सेस्टर्स म्हणजे एक चांदीचे देनारियस. आपल्या संस्कृत ग्रंथांतला ‘दीनार’ हा शब्द या देनारियसवरूनच आला.

निपाणीहून तासाभराच्या अंतरावर कोल्हापूर आहे. तिथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकाळातली समृद्ध वस्ती उजेडात आली. ब्रह्मपुरीच्या कांस्यवस्तूंमध्ये समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती मिळाली. रोमन जगाशी असलेल्या संबंधाचा हा ठळक पुरावा कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाची शान आहे. सभासदांनी मुलांना घेऊन एकदा तरी ती पाहून यावी. याच ब्रह्मपुरीत १८७७ मध्ये विळिवायकुर आणि शिवलकुर या ‘कुर’ राजांच्या नाण्यांचा साठा मिळाला होता. त्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे. टॉलेमी या भूगोलकाराने ‘बलेओकूरोस’ नावाच्या राजाचा उल्लेख केला आहे, तो या विळिवायकुरांपैकीच असावा असे अभ्यासक मानतात.

खुद्द बेळगावात वडगाव-माधवपूर भागात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष आणि ब्राह्मी लेख असलेला स्तंभ मिळाला आहे. कर्नाटकात पुढे चित्रदुर्गाजवळ चंद्रवल्लीला ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांची चांदीची नाणी सापडली. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये तिथे उत्खनन केले होते. बेंगळुरूच्या यशवंतपूर भागात १८९१ साली १६३ रोमन चांदीची नाणी एकत्र मिळाली. तेलंगणात अक्कनपल्ली येथील साठा तर दीड हजारांहून अधिक नाण्यांचा होता.

तेव्हा आपल्या भागात रोमन नाणे मिळणे अशक्य नाही. पण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात असे चांदीचे नाणे दक्षिणेच्या मानाने फार विरळा मिळते. आलेली चांदी इथल्या राजांनी वितळवून आपली नाणी पाडली असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणून ‘शक्य आहे’ आणि ‘आहेच’ यांतले अंतर नेहमी लक्षात ठेवावे.

देनारियस दिसते कसे?

ऑगस्टस (इ.स.पू. २७ ते इ.स. १४) आणि टायबेरियस (इ.स. १४ ते ३७) यांच्या काळातले देनारियस सुमारे ३.६ ते ३.९ ग्रॅम वजनाचे असते. आपल्या भाषेत सांगायचे तर तोळ्याचा साधारण तिसरा हिस्सा. व्यास १७ ते २० मिलिमीटर. चांदी जवळजवळ शुद्ध. पुढे इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने नाण्याचे वजन आणि कस दोन्ही उतरवले. भारतात सापडणाऱ्या चांदीच्या नाण्यांत नीरोच्या आधीची नाणी फार मोठ्या प्रमाणावर आहेत. इथल्या व्यापाऱ्यांना कस कळत होता, हाच त्याचा सरळ अर्थ.

भारतात दोन प्रकार सर्वांत जास्त मिळतात.

पहिला प्रकार ऑगस्टसचा. एका बाजूस पानांची माळ घातलेले सम्राटाचे मस्तक. दुसऱ्या बाजूस त्याने दत्तक घेतलेले दोन नातू, गायस आणि लुशियस, पायघोळ वस्त्र नेसून शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांच्या मध्ये दोन ढाली व भाले, आणि वरच्या बाजूस पूजाविधीतली पळी व आकडेवजा टोकाची काठी. हे नाणे आजच्या फ्रान्समधल्या लिऑन शहरात पाडले जाई.

दुसरा प्रकार टायबेरियसचा. एका बाजूस सम्राटाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस आसनावर बसलेली स्त्री. तिच्या एका हातात दंड किंवा भाला, दुसऱ्या हातात डहाळी. तिच्या दोन बाजूंना ‘पाँटिफ’ आणि ‘मॅक्झिम’ असे दोन शब्द. त्याचा अर्थ मुख्य धर्माधिकारी. बायबलमधल्या कर भरण्याच्या प्रसंगातले नाणे हेच असावे असे मानले जाते.

या नाण्यांवर साल नसते. ‘इसवी सन १५’ किंवा ‘इसवी सनापूर्वी २०’ असे काही कोरलेले दिसले, तर पुढची परीक्षा करायची गरजच नाही. त्या काळी इसवी सन कोणी मोजत नव्हते! अक्षरांत ‘यू’ ऐवजी ‘व्ही’चा आकार असतो, म्हणजे ऑगस्टस हे नाव तिन्ही ठिकाणी ‘व्ही’ घालून लिहिलेले दिसते. शब्दांच्या मध्ये मोकळी जागा नसते किंवा जेमतेम असते.

रोमन वाटणारी, पण रोमन नसलेली नाणी

विचारणा होणाऱ्या नाण्यांत खरा गोंधळ इथे होतो. पुढची नाणी रोमन नाहीत, पण त्यांतली काही आपल्या इतिहासाच्या दृष्टीने रोमन नाण्याहून कमी मोलाची नाहीत.

क्षत्रपांची नाणी: सुमारे दोन ग्रॅमची छोटी चांदीची नाणी. एका बाजूस राजाचे मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरे. ती रोमन समजली जातात. नहपान राजाच्या नाण्यावर ग्रीकबरोबर ब्राह्मी आणि खरोष्ठी लेखही असतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे अशी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शत्रूचे चलन रद्द न करता त्यावरच आपला शिक्का उठवला! नाण्यावर एकात एक मिसळलेली दोन चित्रे दिसली तर ते खराब नाणे समजून टाकून देऊ नये.

सातवाहनांची मुखवट्याची नाणी: एका बाजूस राजाचे मस्तक आणि ब्राह्मी लेख, दुसऱ्या बाजूस कमानींची टेकडी आणि चार वर्तुळे जोडलेले उज्जयिनी चिन्ह. अतिशय दुर्मीळ.

आहत नाणी: चौकोनी किंवा वेडीवाकडी कापलेली, साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरची चांदीची चकती. त्यावर सूर्य, प्राणी, झाड असे वेगवेगळे छोटे ठसे. अक्षर एकही नाही. ही रोमन नाण्यांहून जुनी परंपरा.

लारी: चांदीची तार दुमडून केलेले, केसांच्या आकड्यासारखे दिसणारे नाणे. विजापूरच्या आदिलशाहीतले. नाणे म्हणून ओळखू येत नसल्याने ते बहुधा मोडीत जाते.

आझमनगरचे रुपये: बेळगावचे मोगलकाळातले नाव आझमनगर. या नावाची टाकसाळ असलेले फार्सी लेखाचे रुपये मिळतात. आपल्याच गावचे नाव असलेले नाणे घरात असून ओळखू येऊ नये, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

मारिया थेरेसाचा थेलर: २८ ग्रॅमचे मोठे चांदीचे नाणे, एका जाडजूड राणीचा चेहरा, साल १७८०. राणीच्या मृत्यूनंतरही हेच साल घालून ते पाडले जात राहिले. ते अस्सल असले तरी प्राचीन नव्हे.

विचित्र दिसते म्हणून खोटे नव्हे

रोमन नाणी हाताने, हातोड्याचा घाव घालून पाडत. यंत्रातल्या नाण्याचा गुळगुळीतपणा त्यांत नसतो. पुढे दिलेल्या खुणा दिसल्या तरी नाणे अस्सल असू शकते.

चित्र एका बाजूला सरकलेले असते, कधी अर्धी अक्षरे चकतीबाहेर जातात. घाव दोनदा पडल्याने नाक-डोळे दुहेरी दिसतात. काही जुन्या प्रजासत्ताककालीन देनारियसची कड करवतीच्या दातांसारखी मुद्दाम कापलेली असते. कधी आधीचे नाणे साच्यात अडकून राहिल्याने पुढच्या नाण्यावर एका बाजूस उठावाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस तेच मस्तक खोलगट व उलटे उमटते. असे नाणे टाकसाळीची चूक म्हणून संग्राहकांत प्रिय असते.

काही नाण्यांवर छोटे छोटे ठसे दिसतात. ते त्या काळच्या सराफांनी कस पाहताना मारलेले. भारतात सापडलेल्या काही रोमन नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छेद दिलेला आढळतो. काहींना भोक पाडून किंवा कडी लावून गळ्यात घातलेले असते. परक्या नाण्याचा दागिना करण्याची हौस आपल्याला नवी नाही. आपली पुतळ्यांची माळ तरी कुठून आली? ‘पुतळी’ हे नाव मराठेशाहीत व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला होते.

घरच्या घरी करता येण्याजोगी पारख

यासाठी चार वस्तू लागतात: शतांश ग्रॅम दाखवणारा सराफी काटा, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी आणि बाजूने येणारा उजेड. नाणे नेहमी कडेला धरावे, खाली मऊ कापड अंथरावे.

पहिली पायरी, वजन आणि माप. देनारियस म्हणून सांगितलेले नाणे पाच किंवा सहा ग्रॅम भरले, तर संशय घ्यावा. झिजलेले नाणे हलके भरते, पण झिजून जड कधी होत नाही.

दुसरी पायरी, अक्षरे. भिंगातून एकेक अक्षर कागदावर उतरवून घ्यावे. समजत नसले तरी जसे दिसते तसे काढावे. नंतर ते छापील सूचीतल्या लेखाशी ताडून पाहावे. पुढची बाजू एका सम्राटाची आणि मागची बाजू भलत्याच काळातली, असा जोड बनावट नाण्यांत पुष्कळदा आढळतो.

तिसरी पायरी, कड. ही सर्वांत बोलकी जागा. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेवर सांध्याची बारीक रेघ असते किंवा ती घासून काढल्याच्या कानशीच्या खुणा असतात. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे किंवा फुगवटे दिसतात. अक्षरे साबणाच्या वडीवर उमटल्यासारखी मऊ असतात. घावाने पाडलेल्या नाण्याच्या कडेला बारीक चिरा असू शकतात आणि अक्षरांच्या पायथ्याशी धातू बाहेर सरकल्याच्या रेषा दिसतात.

चौथी पायरी, पाण्यातले वजन. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून, तळाला व कडांना न टेकवता पूर्ण बुडवावे. जो आकडा दिसेल तो बाजूला सरलेल्या पाण्याचा. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागावे. समजा, नाणे ३.७५ ग्रॅमचे आहे आणि पाण्याचा आकडा ०.३६ आला, तर भागाकार १०.४२ येतो. शुद्ध चांदीचा आकडा १०.४९ आहे, म्हणजे मेळ बसला. तोच आकडा ०.४७ आला तर भागाकार ८ च्या आसपास येतो. मग ती चांदी नव्हे, कथिलासारखा हलका मिश्रधातू किंवा आत दुसरे काही आहे.

इथे एक सावधगिरी हवी. नाणे लहान असल्याने काट्याचा एका शतांशाचा फरकही निकाल हलवतो. ०.३६ ऐवजी ०.३७ आला तर १०.१४, ०.३५ आला तर १०.७१. म्हणून पाच वेळा मोजून सरासरी घ्यावी. काटा आणि हात आधी तपासायला राणीछाप रुपया वापरावा. न झिजलेला रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो आणि पाण्याचा आकडा सुमारे १.१३ यायला हवा. नाण्याला चीर असेल किंवा माती चिकटलेली असेल तर ही परीक्षा करू नये.

पाचवी पायरी, यंत्र. मोठ्या सराफांकडे आणि हॉलमार्क केंद्रांत नाण्याला धक्का न लावता क्ष-किरणांनी कस सांगणारे यंत्र असते. प्राचीन चांदीत थोडे सोने आणि शिसे नैसर्गिकपणे राहून जाते. निकालात अगदी ९९.९ टक्के शुद्ध चांदी आली, तर आनंदण्याऐवजी शंका घ्यावी. ती आजच्या कारखान्यातली चांदी असण्याचा संभव जास्त. हे यंत्र फक्त पृष्ठभाग पाहते, हेही ध्यानात असू द्यावे. वर चांदी आणि आत तांबे असले तर ते फसू शकते.

आणखी एक गोष्ट. पूर्वी कॅशिअर रुपया फरशीवर आपटून खणखणीत वाजतो का ते पाहत. दोन हजार वर्षे जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते. तिला वाजवून पाहिले तर नाण्याचे दोन तुकडे हातात येतील.

नकलेतही प्रकार आहेत

रोमन काळातच खोटी नाणी होती. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून ठसा मारत. झिजलेल्या ठिकाणी किंवा चिरेतून हिरवट तांबे डोकावते. असे नाणे खोटे असले तरी प्राचीन असते आणि संग्रहालयाला त्याचे मोल असते.

दुसरा प्रकार भारतीय नकलेचा. इथल्या कारागिरांनी रोमन नाण्यांवरून आपली नाणी आणि दागिन्याच्या चकत्या बनवल्या. चेहरा ओळखीचा वाटतो, पण अक्षरे म्हणजे नुसत्या उभ्या रेघा आणि गोळे. लिपी न येणाऱ्या हाताने काढलेले ते अक्षरांचे चित्र असते. कोंडापूर आणि तेर येथे तर रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदके मिळाली आहेत. तेव्हा अक्षरे चुकलेली आहेत एवढ्यावरून नाणे फेकण्याजोगे ठरत नाही. आपल्या दृष्टीने अशी भारतीय नक्कल अस्सल रोमन नाण्याहून अधिक बोलकी ठरू शकते, कारण ती इथल्या माणसाने घडवलेली असते.

तिसरा प्रकार आधुनिक बनावट नाण्यांचा. युरोपात सोळाव्या शतकात पादुआ शहराच्या कॅव्हिनोने रोमन धर्तीची पदके पाडली. जर्मनीच्या कार्ल बेकरने (१७७२ ते १८३०) इतके हुबेहूब साचे कोरले की आजही त्याची नाणी लोकांना चकवतात. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या चुऱ्यात घालून घोडागाडीत हिंदकळवीत नेई, असे सांगतात. आजची बनावट नाणी बहुधा एकाच साच्यातून निघतात. दोन नाण्यांवर ओरखडा, खड्डा आणि कडेचा आकारही अगदी सारखा दिसला, तर दोन्ही ओतीव समजावीत. हाताने पाडलेली दोन नाणी जुळ्या भावांसारखी असली तरी तीळ एकाच जागी नसतो.

आपल्या भागात आणखी एक जुनी युक्ती चालते. ‘घराचा पाया खणताना हंडा लागला, गरज आहे म्हणून स्वस्तात देतो,’ असे सांगत माणूस येतो. दाखवायला एक-दोन अस्सल नाणी, विकायला पिशवीभर पितळ किंवा जस्त. नाणे खरे असले तर असा व्यवहार बेकायदा, खोटे असले तर पैसे बुडाले. दोन्हीकडून तोटाच. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी नोंदणी शुल्क भरा, अशा संदेशांना तर उत्तरच देऊ नये. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारांत नसते आणि त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, असे तिने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलेले आहे.

एवढे करू नका

दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी नाणी चिंच, लिंबू, रांगोळी किंवा पावडर लावून घासण्याची आपल्याकडे पद्धत आहे. राणीछाप रुपयाला ते चालून जाईल, प्राचीन नाण्याला नाही. त्याचा काळसर थर हा मळ नव्हे, वयाचा दाखला आहे. तो गेला की अक्षरांच्या कडा जातात आणि पारखणाऱ्याचा अर्धा पुरावाही जातो. पूजेत ठेवायचेच असेल तर हळद-कुंकू नाण्याला न लावता शेजारी वाहावे.

डाक देऊन कडी लावू नये. चिकटपट्टी लावू नये. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवू नये, त्याने हिरवा चिकटा धरतो. साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवावे.

आणि चांदीचा भाव चढला म्हणून मोडीत घालू नये. पावणेचार ग्रॅम चांदीचे मिळून मिळून किती मिळणार? मुशीत गेलेले नाणे मात्र पुन्हा येत नाही.

कायदा काय सांगतो?

घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेले नाणे आणि जमिनीत सापडलेले नाणे यांत कायदा फरक करतो. नांगरताना, विहीर खणताना, पाया घेताना नाणी लागली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. कळवायचे काय, तर वस्तू कोणती, किती, कधी आणि कुठे मिळाली. महाराष्ट्रात त्यासाठी १८७८ चा केंद्रीय निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांवरील कोणत्याही साठ्याला तो लागू होतो. लपवल्यास सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंडही होऊ शकतो. कर्नाटकात १९६२ चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. म्हणजे कागलच्या शेतात मिळाले तर एक कायदा, निपाणीच्या शेतात मिळाले तर दुसरा. ज्यांची शेती हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. कर्तव्य मात्र दोन्हीकडे तेच: तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे आणि पोच घेऊन जपून ठेवणे.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते खाजगीरीत्या परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मुला-नातवंडांना आठवण म्हणून सामानात घालून देण्याआधी याचा विचार करावा.

दाखवावे कोणाला?

प्रथम संग्रहालयाला. कोल्हापूरचे टाउन हॉल संग्रहालय जवळ आहे. कर्नाटक बाजूला राज्याचे पुरातत्त्व खाते आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे धारवाड मंडळ आहे. नाण्यांचा खास अभ्यास करणारी संस्था म्हणजे नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था. जाण्याआधी पत्र आणि छायाचित्रे पाठवावीत. दोन्ही बाजू, कड आणि शेजारी मोजपट्टी असे तीन फोटो पुरेसे होतात. किंमत सांगा, असे न विचारता ओळख सांगा, असे विचारावे. उत्तर लवकर आणि मोकळेपणाने मिळते.

नोंद ठेवा

बँकेत खातेदाराची कागदपत्रे नसतील तर रक्कम कितीही असो, खाते संशयास्पद ठरते. नाण्याचेही तसेच आहे. कुठून आले हे माहीत नसलेले नाणे अस्सल असूनही मुके राहते. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर दरमहा शेकडा पाऊण व्याज. म्हणजे वर्षाला २४० आणि ९०, एकूण ३३० कार्षापण. २४० मधून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळायचे. त्या ठेवीतले एकही नाणे आज ओळखता येणार नाही, पण नोंद दगडावर आहे म्हणून हिशेब आजही जुळतो.

आपल्या घरातल्या नाण्यासाठी दगड लागत नाही, वहीचे एक पान पुरते. त्यात एवढे लिहावे: नाणे घरात कोणाकडून आले, माहेरचे की सासरचे, कोणत्या गावी, कोणत्या शेतात किंवा कोणत्या व्यवहारात मिळाल्याचे सांगतात, ते सांगणारी व्यक्ती कोण, वजन, व्यास, पाण्यातला आकडा, दिसणारी अक्षरे, फोटो काढल्याची तारीख, कोणाला दाखवले आणि त्यांनी काय सांगितले. ऐकीव गोष्ट असेल तर ‘ऐकीव’ असे स्पष्ट लिहावे.

घरातली ज्येष्ठ मंडळी आहेत तोवर हे विचारून घ्यावे. वजन उद्याही करता येईल, कस पुढच्या वर्षीही पाहता येईल. पण हे नाणे कोणाच्या पदरातून कोणाच्या हाती आले, हे सांगणारी आजी घरात असेपर्यंतच ती माहिती मिळते.